सात नंबर थांबव

आमची मुलगी सात वर्षांची असताना तिला देवाचं पहिलं पत्र आलं. ते मराठीत होतं आणि एसीबद्दल होतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी सात नंबरच्या घराबद्दल सांगायला हवं.

सौदीत यान्बूला आम्ही राहतो त्या कंपाउंडमध्ये घरांना नंबर आहेत आणि हळूहळू माणसांनाही तेच नंबर चिकटतात. आम्ही अकरा. नवरा इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतो. मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, इथे आल्यापासून घरी बसून ऑनलाइन शिकवते. सात नंबरला एक इंग्रज गृहस्थ राहायचे. साठी ओलांडलेले, बायको वारलेली, नवऱ्याच्याच प्लांटमध्ये सल्लागार. मुलं त्यांना मिस्टर सेव्हन म्हणायची आणि आम्ही घरात आपसांत नुसतं 'सात नंबर' म्हणायचो. त्यांना दोन्ही माहीत होतं. त्यांची काही हरकत नव्हती.

त्यांच्याकडे जुन्या ब्रिटिश सिनेमांचा मोठा साठा होता, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते, तेव्हा ते बैठकीच्या रिकाम्या भिंतीवर प्रोजेक्टर लावायचे आणि कंपाउंडमधल्या पाच-सहा मुलांना बोलवायचे. बिस्किटं आणि पातळ संत्र्याचं सरबत मिळायचं. कुठला सिनेमा मुलांसाठी आणि कुठला मोठ्यांसाठी हा भेद त्यांना मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, त्या काळातला कुठलाही सिनेमा मुलांना चालतो, कारण त्यात 'माफ करा' म्हटल्याशिवाय कोणी कोणाला गोळीसुद्धा घालत नाही.

या सिनेमांमध्ये देव फार असायचा. कथा चोराची असो की युद्धाची, मध्येच एक गाव यायचं, गावात चर्च, चर्चमध्ये लांब झगे घातलेली मुलं गाणी म्हणायची, आणि कोणीतरी लहान पोर पलंगाशी गुडघे टेकून सगळ्या नातेवाइकांसाठी एकेकाचं नाव घेऊन काहीतरी मागायचं. आमची मुलगी हे सगळं तोंड उघडं टाकून बघायची. तिच्या शेजारी चौदा नंबरची तिची मैत्रीण बसायची. ती केरळची ख्रिश्चन, त्यामुळे चर्चच्या प्रसंगांत तिचा शब्द शेवटचा.

एका शुक्रवारी मीही तिथे होते. त्या दिवशीच्या सिनेमात एका गावातला मुलगा होता, त्याची आई आजारी. चर्चमधल्या ऑर्गनचा आवाज हाच देवाचा आवाज, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. म्हणून तो देवाला चिठ्ठ्या लिहितो आणि ऑर्गनच्या उंच नळ्यांमध्ये टाकतो. मग सणाच्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, ऑर्गनमधून आजारी म्हशीसारखा आवाज निघतो. पाद्री नळीत हात घालतात आणि चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या बाहेर काढतात. आईचं शेवटी काय झालं ते मला सांगता येणार नाही, मी चहा करायला उठले होते.

घरी येताना मुलीने विचारलं, "देव ब्लॅक अँड व्हाइट असतो का?"

ती हे इंग्रजीत म्हणाली. तेव्हा ती सगळंच इंग्रजीत म्हणायची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा नियमच झाला होता. मी तिला सांगितलं की आपले देव रंगीत असतात, तू रोज बघतेस की. इथे देव उघड मांडता येत नाहीत, म्हणून आमचे स्वयंपाकघरातल्या कपाटात आहेत. गणपती, देवी आणि रांगणारा बाळकृष्ण, खालच्या फळीवर डाळींचे डबे. सकाळी दार उघडायचं, दिवा लावायचा, नमस्कार करायचा, दिवा शांत झाला की दार लावायचं. जन्मापासून हेच बघितल्यामुळे तिची अशी समजूत होती की मुंग्या लागू नयेत म्हणून देवांना आत ठेवतात.

"पण ते आवाज करत नाहीत," ती म्हणाली.

हे खरं होतं. मी विषय तिथेच सोडला. आमच्या पॅसेजमध्ये जमिनीलगत एसीची मोठी जाळी आहे, घरातली हवा तिच्यातून आत ओढली जाते आणि चोवीस तास तिथून 'घूं' असा खोल आवाज येत असतो. फिजिक्सची शिक्षिका असून हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी एसी गार करेनासा झाला. ऑगस्ट चालू होता. मी ऑफिसला फोन केला आणि एसीवाले आले. हे दापोलीकडचे, पन्नाशीचे, बारीक कातरलेली पांढरी दाढी. बावीस वर्षं सौदीत, त्यातली पाच आमच्या कंपाउंडमध्ये. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. मी लेन्सचा धडा शिकवत होते, पंधरा विद्यार्थी पडद्यावर. मी हातानेच खूण करून त्यांना पॅसेज दाखवला आणि पुन्हा धड्याकडे वळले. तासाभराने गार हवा आली आणि दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मला अडवायला नको म्हणून ते न बोलता निघून गेले होते.

दुपारी मुलगी शाळेतून आली. दप्तर पाठीवर तसंच, बूट पायात तसेच, आणि ती हातात एक कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मम्मा, हे वाच."

निळ्या बॉलपेनने, ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं:

एसी २४ वर ठेवणे.
फिल्टर दर महिन्याला धुणे.
आत कागद टाकू नये.
दार उघडे ठेवू नये, गार हवा बाहेर जाते.

खाली सही नव्हती. मी मोठ्याने वाचलं आणि इंग्रजीत अर्थही सांगितला. ती हात जोडून ऐकत होती. ते जोडलेले हात बघून मी विचारलं, "हे कुठे मिळालं तुला?"

जाळीत, ती म्हणाली. मग सगळं बाहेर आलं. गेले तीन आठवडे ती आणि चौदा नंबर देवाला चिठ्ठ्या लिहून त्या जाळीच्या फटींतून आत सरकवत होत्या. आज शाळेतून आल्यावर तिने पाहिलं, चिठ्ठ्या सगळ्या गेलेल्या आणि त्यांच्या जागी हे उत्तर. मिस्टर सेव्हनच्या सिनेमातल्या मुलाला एवढ्या चिठ्ठ्या लिहूनही उत्तर आलं नव्हतं, हेही तिने मला सांगितलं.

एसीवाले भाऊ सकाळी येऊन गेले हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मला ही अक्षरं शिकव."

इथे मला कबुली द्यायला हवी. नाशिकहून आणलेलं पहिलीचं मराठीचं पुस्तक दोन वर्षं आमच्या घरात पडून होतं. मी लाडाने, रागाने, चॉकलेट देऊन, सगळ्या प्रकारे प्रयत्न केले होते. ही अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात, ती मला नकोत, असं तिने मला सांगून टाकलं होतं. आणि आता ती स्वतःहून पुस्तक शोधायला धावत गेली. मी तोंड मिटलं. एका मुलीला मराठी यावं म्हणून मी एसीवाल्यांना देव होऊ दिलं.

संध्याकाळी नवरा आला, त्याने सवयीने एसी एकोणीसवर आणला. मुलीने जाऊन तो परत चोवीसवर केला. तो म्हणाला, "अगं, मी दिवसभर भट्टीत उभा असतो."

"गॉड सेड ट्वेंटी फोर," ती म्हणाली.

मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सगळा प्रकार सांगितला. त्याने तो कागद दोनदा वाचला.

"बरोबर आहे हे सगळं," तो म्हणाला. "जाळीत कागद अडकले की हवा कमी येते, कॉइलवर बर्फ धरतो."

"अरे, तिला वाटतंय की हे देवाने लिहिलंय."

"फिल्टर कोण धुणार म्हणाली?"

"तीच."

"मग राहू दे की," असं म्हणून तो अंघोळीला गेला. तो मेंटेनन्सचा माणूस आहे. ज्या श्रद्धेने फिल्टर स्वच्छ राहतो तिच्यात त्याला दोष दिसत नाही.

चौदा नंबरला मात्र दोष दिसला. देवाने मराठीत लिहिणं शक्य नाही, असं तिचं ठाम मत. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये तो मल्याळम बोलतो आणि इंग्रजी सिनेमात इंग्रजी, मराठीचा संबंध काय? आमची म्हणाली, मग उत्तर आमच्या घरी कसं आलं? यावर दोघींची अर्धा तास बाचाबाची झाली. मग चौदा नंबरने स्वतःच्या घरच्या जाळीत एक चिठ्ठी टाकून आठवडाभर वाट पाहिली. काही आलं नाही. शेवटी देव अकरा नंबरमध्ये राहतो हे तिने मोठ्या मनाने मान्य केलं आणि आपल्या घरचा एसीही चोवीसवर नेला. मग बाकीच्या तीन-चार घरांतही चोवीस आलं. दाराशी कोणी रेंगाळलं की मुलं गंभीरपणे सांगायची, दार लावा, गार हवा बाहेर जाते. चौदा नंबरच्या आईने मला फोन करून विचारलं की शाळेत हे काही नवीन सुरू झालंय का. मी म्हणाले, ऊर्जा बचत. माझ्या पापांत हेही एक धरा.

सात नंबरना मी खरं सांगितलं. सिनेमा त्यांचा होता, त्यांना कळायलाच हवं होतं. ते हसले नाहीत. मग म्हणाले की लहानपणी गावच्या चर्चमध्ये ते स्वतः झगा घालून गायचे. कॉलर मानेला टोचायची आणि बाराव्या वर्षी त्यांनी आईला सांगून टाकलं होतं की आपला देवावर विश्वास नाही. "त्याने तेव्हा माझ्याशी फिल्टरबद्दल बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "मी पुन्हा विचार केला असता."

तोवर मुलगी जोडाक्षरांपर्यंत आली होती. लोणच्याच्या बाटलीवरचं लेबल, उदबत्तीचा पुडा, औषधाच्या खोक्यावरची ओळ, मिळेल ते वाचत होती. देव रागावेल म्हणून घरात मराठीत बोलूही लागली होती, अडखळत, मधली अवघड जागा इंग्रजीने भरत. मी रोज ठरवायचे की उद्या सांगू.

आणि मग एका शुक्रवारी, सिनेमा संपल्यावर, सात नंबर मुलांना म्हणाले की आता फक्त दोनच सिनेमे राहिलेत. त्यांचं कंत्राट संपत होतं, ते कायमचे घरी निघाले होते. बाकी मुलांनी विचारलं, प्रोजेक्टर कोणाला देणार? आमचीने तेही विचारलं नाही. घरी येऊन जेवली, झोपली.

पुढच्या गुरुवारी एसीवाले भाऊ महिन्याच्या तपासणीला आले. मी पुन्हा शिकवत होते. ते आले, पाहिलं, गेले. मुलगी दुपारी आली, पॅसेजमध्ये गेली आणि शांतपणे परत आली. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. सात नंबर उभे होते, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा टोमॅटोसारखा. त्यांचा एसी आदल्या दुपारपासून बंद होता. सकाळी सुट्टीच्या ड्युटीवरचा माणूस येऊन बघून गेला होता. घरामागच्या एसीच्या स्विचला कोणीतरी लाल टॅग आणि कुलूप लावलं होतं. प्लांटमधला नियम कंपाउंडमध्येही पाळतात: ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, मग राजा आला तरी. कुलूप आमच्या एसीवाल्या भाऊंचं होतं. आणि भाऊ सुट्टीला किल्ली खिशात घेऊन मदिनेला गेले होते. फोन बंद. मशिदीत असतील, उद्या संध्याकाळी येतील, असं ड्युटीवरच्या माणसाने सांगितलं आणि तोही गेला.

त्या उन्हात त्यांना त्या घरात ठेवणं शक्यच नव्हतं. आम्ही त्यांना आत घेतलं. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस ते आमच्याकडे राहिले. त्यांचे कपडे बॅगांत भरलेले आणि बॅगा त्या भट्टीत, म्हणून नवऱ्याने त्यांना आपला लेंगा-कुर्ता दिला. ते नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, लेंगा पोटऱ्यांपर्यंतच पुरला. त्या वेशात ते सोफ्यावर बसून पोहे खात होते, आणि समोरच्या खुर्चीवर आमची मुलगी हाताची घडी घालून बसली होती. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, खेळत नव्हती. नुसती बघत होती. पाहुण्यांना वाढून झाल्यावर घरची बाई जशी पंक्तीकडे बघते तशी.

मी तिला आत बोलावलं. "काय झालंय?"

"मी लिहिलं होतं," ती मराठीत म्हणाली. "आत नाही टाकलं. बाहेर चिकटवलं. सात नंबर थांबव, असं लिहिलं. आणि त्याने थांबवला."

मी फिजिक्सची शिक्षिका आहे. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. बाहेर सोफ्यावर सात नंबर थांबलेले होते, माझ्या नवऱ्याच्या लेंग्यात. साधारण दहा मिनिटं माझाही विश्वास बसला होता. हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी भाऊ थेट आमच्याकडेच आले, हातात मदिनेच्या खजुराचा डबा. ऑफिसने फोनवर त्यांना फैलावर घेतलं होतं आणि त्यांना आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं.

"साहेब, तुम्हीच तर लिवलंत," ते नवऱ्याला म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: सात नंबर थांबव.

"हे मी लिहिलंय?" नवरा म्हणाला.

"जाळीवर चिकटवलेलं होतं. इथे माझ्यासाठी मराठीत कोण लिवणार? म्हटलं, सात नंबरच्या मशीनमध्ये काय धोका दिसला असेल साहेबांना, म्हणून थांबवायला सांगतायत. आणि अक्षर तुमच्यासारखंच हाय."

नवऱ्याने कागद हातात घेऊन अक्षर पाहिलं. ते खरंच त्याच्यासारखं होतं.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी भाऊंना बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्या चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. सिनेमा, ऑर्गन, जाळी, चोवीस. ते ऐकत गेले तसा त्यांचा हात कानाकडे गेला.

"तोबा, तोबा. ताई, हे काय केलंत? माणसाला देव करतात काय? मी आत्ता मदिनेहून आलोय."

मी माफी मागितली. मनापासून मागितली. ते माझ्यावर चिडले नाहीत, पण खरोखर घाबरले होते. मग त्यांनी आपली कामाची पिशवी उघडली आणि एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात मुलींच्या आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, सरळ करून, एकावर एक ठेवलेल्या.

"मला इंग्लिश जास्त येत नाय. पण वर 'गॉड' लिवलेलं कळलं. देवाचं नाव असलेला कागद कचऱ्यात कसा टाकणार? म्हणून ठेवले सांभाळून."

मी त्यातल्या दोन-तीन वाचल्या. एकीत लहान आकाराचा कुत्रा मागितला होता. एकीत, मम्माचे क्लास लवकर संपू देत. एकीत मैत्रिणीने देवाचा गोंधळ होऊ नये म्हणून कळवलं होतं की हे घर माझं नाही, मी चौदा नंबरला राहते.

"पोरीला बोलवा," भाऊ म्हणाले. "मीच सांगतो. असं ठेवून चालायचं नाय."

मुलगी आली. ते उठून तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या उंचीला.

"बाय, ते पहिलं पत्र मी लिवलं होतं. मी. एसीवाला. देवाने नाय."

"मला माहीत आहे तू एसीवाला आहेस," ती म्हणाली. मराठीत तिला अजून सगळेच 'तू' होते. "पण मी चिठ्ठी टाकली, मग तू का आलास?"

"एसी बंद पडला म्हणून. तुमच्या आईने फोन केला."

"आणि परवा? परवा एसी बंद नव्हता."

"परवा माझी ड्युटी होती इथे."

"ड्युटी कोण देतं?"

"फोरमन."

"फोरमनला कोण सांगतं?"

"वरचे साहेब."

"त्यांना?"

भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही मान खाली घातली. हा सगळा वेळ सात नंबर सोफ्यावर आखूड लेंग्यात ताठ बसून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं की काय चर्चा चालली आहे. मी म्हणाले, तुमचा एसी यांनी बंद केला की देवाने, यावर चालली आहे.

"किल्ली कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. भाऊंनी खिशातून किल्ली काढून दाखवली. मुलीने ती पाहिली, पण तिचं समाधान झालं नाही. ती अजून उत्तराची वाट बघत होती.

भाऊंनी दाढीवरून हात फिरवला. खोटं बोलायला ते आले नव्हते. "तसं म्हणायला गेलं," ते सावकाश म्हणाले, "तर त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पानसुद्धा हलत नाय. ते खरंच हाय."

"मग," मुलगी म्हणाली, "तेच मी म्हणतेय."

भाऊ उठले. मला म्हणाले, "ताई, मी सांगायचं ते सांगितलं. याच्या पुढचं मला येत नाय." मग ते आणि सात नंबर दोघे मिळून कुलूप काढायला गेले. एक खजुराचा डबा आमच्याकडे ठेवून रिकामा हात हलवत आणि दुसरे पोटऱ्या उघड्या टाकून. खिडकीतून आम्ही तिघं त्यांना जाताना बघत होतो. रस्त्यात भाऊंनी त्यांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी मान हलवली. कुठल्या भाषेत ते कळलं नाही.

थांबवणं दोन दिवसांचंच ठरलं. महिनाअखेरीस सात नंबर गेले. निघायच्या सकाळी कंपनीची गाडी दाराशी आली, त्यांच्या दोन बॅगा चढल्या, प्रोजेक्टर चौदा नंबरला मिळाला. मी घाबरले होते की मुलगी आता काय म्हणेल. देवाने ऐकलं नाही, असं म्हणाली तर तिला काय सांगायचं याची मी आणि नवऱ्याने आदल्या दिवशी तालीमही केली होती. तो म्हणाला होता, प्रत्येक मशीनला शेवटी थांबावंच लागतं असं सांगू. मी म्हणाले, अजिबात नको.

पण ती आम्हाला काही बोललीच नाही. गाडीचं दार धरून तिने त्यांना इंग्रजीत विचारलं, "तुमच्या गावात देव आहे का?"

सात नंबर सीटवर बसले होते, पट्टा लावलेला. त्यांनी विचार केला. प्लांटमध्ये कोणी अवघड प्रश्न विचारला की ते असेच गप्प व्हायचे, असं नवरा म्हणतो, आणि मग जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायचे.

"मी तिथे बरीच वर्षं तपासलेलं नाही," ते म्हणाले. "गेल्यावर बघतो आणि कळवतो."

गाडी गेली. मुलगी गेटपर्यंत मागे चालत गेली आणि परत आली. घरात शिरताना मला म्हणाली, "कळवतील?"

"कळवतील," मी म्हणाले. ती आत जाऊन चौदा नंबरला फोन करायला लागली, कारण प्रोजेक्टर लावता कोणालाच येत नव्हता.

तीन आठवड्यांनी नवऱ्याच्या फोनवर एक फोटो आला. हिरवं गवत, दगडाची बुटकी भिंत, मागे एक लहानसं चर्च आणि बंद दारावर लावलेला कागद. खाली चार ओळी होत्या, त्या मी तिला मराठीत करून सांगितल्या. ठरल्याप्रमाणे जाऊन आलो. दार बंद होतं. कागदावर लिहिलंय की गावात माणसं कमी झाल्यामुळे आता महिन्यातून एकाच रविवारी उघडतात. तो रविवार गेला आहे, पुढच्या महिन्यात परत जातो.

तिने फोटो मोठा करून दारावरचा कागद वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, ठीक आहे, त्यांना सांग, घाई नाही.